समोरासमोरचे मधले बर्थ

मिरजगावच्या मनकर्णाबाईंनी आयुष्यात प्रवास बेताचाच केला होता, आणि जो केला तो एसटीत, टेम्पोत आणि एकदा लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्यानं. त्यामुळे रात्रभर आडवं पडून नागपूरला पोचायचं म्हटल्यावर त्यांना आधी संशयच आला. झोपायचंच असेल तर घरात काय वाईट होतं, असं त्यांनी मुलाला फोनवर विचारून घेतलं.

मुलगा रविराज नागपुरात एका कंपनीत होता. त्याच कंपनीत मनवा होती. ती मूळची नगर शहरातली. सहाशे मैलांवरच्या परक्या मुलखात दोन नगरकर भेटले की जे व्हायचं ते झालं आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं. नागपूर सहाशे मैल नाही हे खरं, पण मिरजगावातून ते तेवढंच वाटतं. जातीचा विषय दोन्ही घरांत निघाला, बराच गाजला आणि शेवटी दोन्हीकडची माणसं दमल्यामुळे खाली बसला. आता अडलं होतं ते एकाच माणसापाशी, मनवाच्या वडिलांपाशी.

हेमचंद्रराव कोषागारातून निवृत्त झाले होते. सबंध नोकरीत त्यांनी एकही बिल पहिल्या फेरीत मंजूर केलं नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांना मनापासून आवडायची. लेकीचं स्थळ त्यांच्यासमोर आलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि "बघू" म्हणाले. त्यांच्या बायकोनं, अंबिकाताईंनी, मनकर्णाबाईंना फोनवर खासगीत सांगून ठेवलं होतं की ह्यांचं 'बघू' फार वाईट. फ्रिज घेण्यावर ते एकदा 'बघू' म्हणाले होते, तेव्हा मनवा बालवाडीत होती. फ्रिज आला तेव्हा तिची दहावी झाली होती.

मग पोरांनीच शक्कल काढली. दोन्ही आईबापांना नागपूरला बोलवायचं, तिकिटं एकाच डब्यात, एकाच खणात काढायची आणि एक रात्र एकमेकांच्या हवाली करायची. सबंध रात्र समोरासमोर काढली की माणूस कळतो, असं मनवाचं म्हणणं. रविराजचं म्हणणं असं की कळतो हे खरं, पण त्याचीच तर भीती आहे. त्यानं आईला पथ्यं घालून दिली. ठेचा आणायचा नाही. मोबाईलवर विहिरीच्या काठावरून बोलल्यासारखं बोलायचं नाही. आणि काहीही झालं तरी आबांना रात्री उठू द्यायचं नाही.

ह्या शेवटच्या पथ्याला कारण होतं. आबा, म्हणजे रंगनाथराव, झोपायचे ते मोटारीच्या आवाजावर. मिरजगावाकडं शेताची लाईट कधी दिवसा येते, कधी रात्री, आणि पिकाला पाणी द्यायचं तर माणसाला तिच्या मागं मागं फिरावं लागतं. लग्नाआधीपासून रंगनाथराव पाळीच्या रात्री विहिरीजवळ बाज टाकून निजत. मोटार घुर्रर्र चालू असली की शेजारी बँड वाजला तरी जाग नाही. मोटार बंद पडली की जागच्या जागी ताठ. डोळे मिटलेलेच, पण हात बॅटरीवर आणि तोंडात, "लाईट गेली." मग स्टार्टर बघायचा, वाफ्याचं दार बदलायचं, परत यायचं. अर्ध्याहून अधिक काम झोपेतच व्हायचं आणि तरी वाफा कधी फुटला नाही. मुलानं फोनवर चालणारा स्टार्टर बसवून दिला, तरी रंगनाथराव उठायचेच. त्यांचं म्हणणं, फोनला काय कळतं, पाणी कुठं चाललंय ते.

"गाडीत कुठली आली मोटार?" मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या. तेव्हा त्यांना गाडीबद्दल फारशी माहिती नव्हती.

नगर स्टेशनात हेमचंद्रराव गाडीच्या पुष्कळ आधी येऊन बसलेले होते. सामान चार नग, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी, सगळे एका साखळीत ओवलेले. ते ओढत ते फलाटावरून चालले की गुरं बाजारला निघाल्यासारखं दिसायचं. रंगनाथरावांनी नमस्कार केला आणि काहीतरी बोलायचं म्हणून साखळी चांगली आहे असं म्हणाले. हेमचंद्ररावांनी ती कुठून घेतली, कोणत्या साली घेतली आणि त्या दुकानदारानं पावती द्यायला कशी टाळाटाळ केली, हे सविस्तर सांगितलं. मनकर्णाबाईंना जरा बरं वाटलं. बोलका माणूस एकदम नाही म्हणत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

गाडी आली. स्लीपरच्या डब्यात शिरताना जो प्रकार होतो तो झाला. म्हणजे ज्यांना उतरायचं ते चढणाऱ्यांच्या अंगावर, चढणारे पिशव्यांवर, आणि 'आमचा नंबर आहे' असं म्हणणारा प्रत्येकजण दुसऱ्याच्या नंबरावर. ह्यांच्या खणात खालचे दोन बर्थ बायकांचे, मधले दोन पुरुषांचे आणि वरच्या दोन्हींवर कॉलेजची दोन पोरं कानात बोंडं घालून आधीच जगातून गेलेली. पायथ्याशी आडव्या बाकावर वेटिंगचं तिकीट घेतलेले एक गृहस्थ अंगाची घडी करून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर संताची शांती होती. वेटिंगवाल्यांच्या चेहऱ्यावर ती आपोआप येते.

गाडी हलली आणि मनकर्णाबाईंना प्रवासाचं पहिलं सुख कळलं. कुणी आपल्याला काही काम सांगत नव्हतं. खिडकीतून वारा येत होता, नगर मागं पडत होतं, आणि चुलीवर काही ठेवलेलं नव्हतं. चहावाला आला, भेळवाला आला, मोबाईलची कव्हरं विकणारा आला, एक बाई पोराचा पाळणा खिडकीच्या गजांना बांधून निवांत झाली. एवढी वर्षं घरातून बसल्या जागी जग बघायचं म्हणजे टीव्ही, असा त्यांचा समज होता. इथं जगच येत होतं आणि शिवाय शेंगदाणे घेऊन.

जेवणाची वेळ झाली. अंबिकाताईंनी पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी काढली. मनकर्णाबाईंनी धपाटे काढले. पथ्याच्या धाकानं लसूण कमी, मिरची नावाला. स्वतःच्या हातचं इतकं बेचव आपण पहिल्यांदाच खातोय, असं त्यांना वाटलं आणि त्या कसनुशा झाल्या. हेमचंद्ररावांनी एक धपाटा खाल्ला, दुसऱ्याचा तुकडा मोडला आणि विचार करून म्हणाले की मिरजगावाकडं ठेचा चांगला करतात असं त्यांच्या कार्यालयातला एक शिपाई सांगायचा. ते सांगणं कितपत खरं होतं, ह्याची त्यांना खातरजमा करता आली नव्हती.

ठेचा होता. पथ्य पाळणारी आई वेगळी आणि रिकाम्या हातानं घराबाहेर पडणारी बाई वेगळी. मनकर्णाबाईंनी तळातून बरणी काढली. हेमचंद्ररावांनी कोषागारी पद्धतीनं आधी नमुना घेतला. चष्म्यावर वाफ धरली. डोळ्यांतून पाणी आलं. नाक लाल झालं. त्यांनी पुन्हा घेतला. मग पुन्हा. हे पसंतीचं लक्षण की हट्टाचं, हे मनकर्णाबाईंना काही उमगेना. त्यांनी अंबिकाताईंकडं बघितलं. अंबिकाताईंनी खांदे उडवले. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनाही तो फरक कळला नव्हता.

शेवटी रंगनाथरावांनीच सरळ विषय काढला. पोरांचं काय करायचं म्हणता, असं त्यांनी धपाट्याचा घास हातात धरून विचारलं.  वेटिंगवाले गृहस्थसुद्धा घडीतून थोडे उलगडले.

"बघू," हेमचंद्रराव म्हणाले.

मनकर्णाबाईंना फ्रिज आठवला.

मधले बर्थ लावायची वेळ झाली. मधला बर्थ ही रेल्वेची खास योजना आहे. दिवसा तो भिंतीला पाठ लावून गप उभा असतो. रात्री साखळ्यांवर टांगला की त्यावरच्या माणसाला बसता येत नाही, खालच्याला मान वर करता येत नाही, आणि दोघांपैकी एकाला झोप आली की दुसऱ्याला यावीच लागते. दोघे बाप आपापल्या फळीवर चढले. रंगनाथराव आंब्याच्या झाडावर चढल्यासारखे एका झेपेत गेले. हेमचंद्ररावांनी आधी साखळ्या ओढून बघितल्या, मग चढले. समोरासमोर, मध्ये हातभर पोकळी. इतक्या जवळून आपले भावी व्याही पुरुषमाणसं सहसा बघत नाहीत, आणि बघू नयेत असंही काही जाणते लोक म्हणतात.

चाकांचा आवाज एका लयीत लागला आणि रंगनाथराव गेले. घोरणं सुरू झालं तेही चाकांच्याच सुरात, म्हणजे फरक कळू नये असं. हेमचंद्रराव मात्र पाठीवर पडून छताकडं बघत होते. खालून मनकर्णाबाईंना त्यांचे मोजे घातलेले पाय दिसत होते, सावधान स्थितीत. अंबिकाताई हळूच म्हणाल्या, "चालत्या गाडीत ह्यांना झोप येत नाही. स्टेशनात थांबली की तेवढ्यापुरती लागते."

मनकर्णाबाईंना आता गाडीबद्दल कळायला लागलं होतं. श्रीरामपूर आलं, गाडी थांबली, चाकं गप झाली. समोरचे मोजे सैल पडले. आणि वरून आवाज आला, "लाईट गेली."

त्यांनी चटकन हात वर करून नवऱ्याचं कोपर धरलं. "आली आली. निजा." रंगनाथराव पुन्हा आडवे झाले. गाडी सुटली. मोजे पुन्हा सावधान झाले. म्हणजे व्यवस्था अशी होती की गाडी चालली की एक बाप जागा आणि थांबली की दुसरा. सामानाच्या दृष्टीनं उत्तम. सोयरिकीच्या दृष्टीनं दोघांची गाठ पडायची शक्यताच नाही.

थोडा वेळ त्या कोपर धरायच्या तयारीत बसून राहिल्या. पण खिडकीतून गार वारा येत होता, आणि डबा पाळण्यासारखा हलत होता. त्यांनी लेकरांना असं निजवलं होतं, पण त्यांना असं हलवून कुणी निजवल्याचं आठवत नव्हतं. डोळा कधी लागला ते त्यांना कळलं नाही.

जाग आली ती गाडीच्या हिसक्यानं. गाडी कुठंतरी थांबून पुन्हा निघत होती. बाहेर लहानसं स्टेशन, त्याच्यापलीकडं नुसता ऊस, आणि साखर कारखान्याच्या मळीचा ओळखीचा वास. त्यांनी सवयीनं हात वर केला. कोपर नव्हतं. बर्थ रिकामा. खाली बघितलं तर चपला नाहीत.

समोर हेमचंद्रराव चाक हललं तसे जागे झालेच होते. त्यांनी रिकामा बर्थ बघितला. "रंगनाथराव कुठं गेले?"

"मोटार बघाया," मनकर्णाबाई बोलून गेल्या.

"कुठली मोटार?"

त्यांनी भराभर सांगितलं. विहीर, बाज, लाईट, वाफे, सगळं. सांगता सांगता मोबाईल लावला. तो उशाखालीच वाजला. गाडीनं वेग धरला होता. आतापर्यंत मनकर्णाबाईंच्या मनात लग्नाची काळजी होती. ती एकदम बाजूला सरली आणि तिच्या जागी डोळे मिटून रुळांतून चालणारा, हातात बॅटरी घेतलेला त्यांचा नवरा दिसायला लागला. 

हेमचंद्रराव खाली उतरले. उतरले म्हणजे पडले, पण उभे राहिले. दाराकडं धावले, वाकून मागं बघितलं, परत आले. मग गाडी थांबवायच्या लाल साखळीखाली उभे राहिले. तिच्याशेजारची सूचना त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग दुसऱ्या भाषेत वाचली. त्यांच्या सबंध आयुष्यात सरकारी सूचनेच्या विरुद्ध त्यांनी बोटही उचललं नव्हतं. एकदा त्यांनी मनकर्णाबाईंच्या चेहऱ्याकडं बघितलं. तिसरी भाषा न वाचताच त्यांनी हात वर केला आणि साखळी ओढली.

ती येईना. त्यांनी दोन्ही हातांनी धरली. तरी येईना. मग ते लोंबकळले. मोज्यातले पाय जमिनीवरून सुटले आणि निवृत्त कोषागार अधिकारी साखळीला लटकून क्षणभर हेलकावे खात राहिले. त्यांच्या लेकीनं हे बघितलं असतं तर फ्रिजबद्दल त्यांना माफ केलं असतं.

गाडी किंचाळत थांबली. डबा जागा झाला. वरची पोरं सोडून सगळे. पाळण्यातलं बाळ रडायला लागलं, वेटिंगवाले गृहस्थ आनंदानं उठून उभे राहिले, कारण आता कुणालाच झोप नव्हती. टॉर्च घेऊन रेल्वेचा पोलीस आणि त्याच्या मागं तिकीट तपासनीस आले. साखळी कुणी ओढली, असं पोलिसानं विचारलं. पोलिसाच्या अनुभवात ह्या प्रश्नाला कधी उत्तर येत नसावं, कारण हेमचंद्ररावांनी "मी" म्हणून हात वर केला तेव्हा तो जरा मागं सरकला.

"कशापायी ओढली?"

"एक प्रवासी मागच्या स्टेशनात राहिला आहे. झोपेत उतरला."

"तुमचे कोण लागतात?"

अंबिकाताईंनी नवऱ्याकडं बघितलं. मनकर्णाबाईंनी बघितलंच नाही. त्या खिडकीच्या गजाला धरून बाहेरच्या काळोखात डोळे घालून बसल्या होत्या. पण कान तिथंच होते. हेमचंद्ररावांनी चष्मा शोधला. तो बर्थवर राहिला होता, त्यामुळे पुसायला काही नव्हतं.

"व्याही," ते म्हणाले. "माझे व्याही आहेत."

"अहो, पण अजून कुठं ठरलंय?" अंबिकाताई नकळत बोलल्या.

"आता ठरलं. परक्या माणसासाठी मी दंड भरीन काय?"

पोलीस काही बोलणार एवढ्यात शेजारच्या डब्याच्या जोडावरनं बॅटरीचा उजेड आला. उजेडामागं रंगनाथराव आले. डोळे चोळत, चपला पायात, कपाळावर उशीचे वळ. ते गर्दी बघून थबकले.

"लाईट गेली का?" त्यांनी विचारलं.

मग जे घडलं होतं ते त्यांनी सावकाश सांगितलं. गाडी क्रॉसिंगला थांबली तसे ते उतरले. फलाटाच्या कडेला उसाला पाणी देणारा एकजण होता, त्याच्याशी कुंपणावरून दोन शब्द झाले. त्याच्याकडं लाईट होती आणि दाब चांगला होता. तिथंच रंगनाथरावांना पुरती जाग आली आणि आपण मिरजगावात नाही हे ध्यानात आलं. तेवढ्यात शिट्टी झाली. जवळचं दार धरून ते चढले, आपला नंबर शोधला, बर्थ मोकळा, वर चढले. चाकं लागली आणि झोप लागली. ती आत्ता गाडी थांबली म्हणून मोडली, तर खालची माणसं परकी.

"नंबर बराबर हुता," ते म्हणाले. "डबा बदलला."

"रक्कम बरोबर, लेखाशीर्ष चुकलं, खर्च दुसऱ्याच खात्यावर पडला," हेमचंद्रराव म्हणाले. "होतं असं. नव्या माणसाकडून होतं." आणि नोकरीत कुठल्याही बिलाच्या वेळी कुणाला ऐकू आला नसेल अशा आवाजात म्हणाले, "मंजूर."

पोलिसानं आळीपाळीनं दोघांकडं बघितलं. खरंच व्याही आहेत का, असं त्यानं मनकर्णाबाईंना विचारलं.  ह्या प्रश्नाच्या उत्तराला उशीर करण्याएवढ्या त्या भोळ्या नव्हत्या.

"व्हय तर. तुमीबी ऐकलंच की आत्ता," त्या म्हणाल्या. "साक्षीदार ऱ्हावा."

तपासनीसाला हसू आलं, ते त्यानं मिशीत ठेवलं. रीतसर जे करायचं ते उजाडल्यावर करू असं म्हणून दोघे पुढं गेले. हेमचंद्ररावांनी त्यांना पावती द्यायला विसरू नका असं मागून ओरडून सांगितलं.

गाडी हलायच्या आत मनकर्णाबाईंनी नवऱ्याला वर घातलं आणि लेकाला फोन लावला. विहिरीच्या काठावरून बोलल्यासारख्याच बोलल्या. पलीकडून रविराजनं धसका घेऊन आबांनी काय केलं म्हणून विचारलं. आबांनी काही केलं नाही, मनवाच्या वडिलांनी मात्र केलं, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. सगळं सांगितलं असतं तर त्यालाही झोप लागली नसती, आणि एका घरात तेवढी माणसं जागी असायचं कारण नव्हतं.

हेमचंद्रराव आपल्या बर्थकडं वळले, पण चढेनात. साखळी ओढून त्यांचे दोन्ही खांदे भरून आले होते. मग रंगनाथरावांनीच खाली उतरून त्यांना कमरेला धरून वर दिलं. पोत्याची थप्पी लावतात तसं, अलगद. "व्याहीबुवा, पाय आखडा," असं म्हणाले आणि स्वतः समोर चढले. चाकं लागली. रंगनाथराव गेले. थोड्या वेळानं मनकर्णाबाईंनी समोर बघितलं तर मोजे सैल पडले होते. गाडी चांगली पळत होती, आणि हेमचंद्रराव झोपलेले होते.

अंबिकाताई उठून मनकर्णाबाईंच्या बर्थवर येऊन बसल्या. वर रंगनाथरावांची फळी असल्यामुळे दोघींना मान वाकवून बसावं लागत होतं. लग्न नगरला करायचं की मिरजगावात, असं अंबिकाताईंनी विचारलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, दोन्हीकडं करू, त्यात काय. मग साखरपुडा, मग साड्या, मग मानपान नको म्हणणाऱ्यांना तो कसा द्यायचा, मग कुणाकुणाला बोलवायचं नाही, ह्या आनंदाच्या गोष्टी निघाल्या. माना आखडल्या, पण कुणी उठलं नाही. अकोल्याच्या आसपास कधीतरी खिडकीत उजाडायला लागलं. चहावाला आला तेव्हा बोलवायचं नाही अशांची यादी तोंडी पाठ झाली होती आणि त्या दोघी हेमचंद्ररावांच्या सख्ख्या मावसभावापर्यंत आल्या होत्या.